'द कलर ऑफ मनी'मध्ये एडी विचारतो, "तू हसलर आहेस का?" तेव्हा एमोस वजनाचा विषय का काढतो?

एमोस हसलरच आहे, म्हणजे आपला खरा दर्जा लपवून पैजेवर खेळणारा, याबद्दल मला तरी शंका नाही. तो ते कबूल का करत नाही, आणि कबूल न करता नेमकं वजनाचंच का काढतो, हा खरा गुंता आहे.

सिनेमा बघून बरीच वर्षं झालेल्यांसाठी प्रसंग सांगतो. मार्टिन स्कॉर्सेसीचा १९८६ चा सिनेमा. पॉल न्यूमनचा 'फास्ट' एडी फेल्सन आता दारू विकतो, केस पिकलेत. व्हिन्सेंट (टॉम क्रूझ) हा अफाट हात असलेला पण पोरकट मुलगा आणि त्याची मैत्रीण कार्मेन यांना घेऊन तो पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाचे हॉल पालथे घालत अटलांटिक सिटीच्या नाइन-बॉल स्पर्धेकडे निघालाय. वाटेत त्याला स्वतःलाच पुन्हा क्यू, म्हणजे खेळायची काठी, हातात घ्यावासा वाटतो. जिंकायला लागतो, अंगात वारं भरतं, आणि मग गाठ पडते एमोसशी. फॉरेस्ट व्हिटेकरने रंगवलेला हा तरुण अंगाने भरलेला, बोलता बोलता भलतीकडेच जाणारा. हात कच्चा वाटतो, जिंकला तर नशिबाने जिंकला असं वाटतं. एडी हरतो, तरी खेळत राहतो, पुन्हा हरतो. शेवटी त्याच्याकडे बघून विचारतो, "एमोस, तू हसलर आहेस का?" त्यावर एमोस विचारतो, की मला जरा वजन कमी करायला हवं असं वाटतं का तुम्हाला?

तुमचा प्रश्न असा, की हा माणूस खरंच भोळा, आपल्याच नादातला आहे, की एडीच्या जखमेवर मीठ चोळतोय?

आधी शब्दाचं बघू, कारण मराठीत विचार करताना गोंधळ तिथूनच सुरू होतो. हसलर म्हणजे ठग नव्हे, भामटा तर नव्हेच. टेबलावर तो काहीही लबाडी करत नाही. चेंडू हाताने सरकवत नाही, गुण चोरत नाही. तो फक्त आपला खरा दर्जा लपवतो. अमेरिकेतल्या पूलवाल्यांच्या बोलीत या खऱ्या दर्जाला 'स्पीड' म्हणतात, आणि समोरच्याला आपला स्पीड कळू न देणं हीच सगळी विद्या. बकरा आपल्या पायांनी चालत येतो, स्वतःच पैज वाढवतो आणि नियमाप्रमाणे हरतो. म्हणून एडीच्या प्रश्नाला व्यवहारात काहीच किंमत नाही. एमोस "हो" म्हणाला तरी पैसे परत मिळणार नाहीत, "नाही" म्हणाला तरी नाहीत. एडीला हे एमोसपेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरीही तो विचारतो. धंद्यात मुरलेल्या माणसाला हे तोंडाने विचारावं लागणं, हाच त्या प्रसंगातला पराभव. उत्तर काय येतं हे त्यापुढे दुय्यम आहे. न्यूमनचा चेहरा नीट बघा, तो रागावलेला नाही. त्याला खरोखर समजत नाहीये, आणि आपल्याला समजत नाही हे त्याच क्षणी त्याच्या ध्यानात येतंय.

आता एमोस सरळ उत्तर का देत नाही? हसलर कधीच कबुली देत नाही. उद्या याच हॉलमध्ये दुसरं गिऱ्हाईक येणार असतं आणि आजूबाजूला कान असतात. "नाही" हेही तितकंच वाईट उत्तर, कारण ठाम नकार देणारा माणूस संशयास्पद वाटतो. खरा वेंधळा माणूस अशा प्रश्नाला काय करेल? त्याला प्रश्नाचा रोखच कळणार नाही. त्याच्या डोक्यात जे चाललेलं असेल तेच तो बोलेल. एमोस नेमकं तेच करतो. त्यामुळे "तो सोंग वठवतोय" असं धरलं तरी वाक्य बसतं आणि "तो तसाच आहे" असं धरलं तरी बसतं. लिहिणाऱ्याने दोन्ही दारं मुद्दाम उघडी ठेवली आहेत. मला यातलं दुसरं दार बंद करावंसं वाटतं, आणि त्याचा पुरावा सिनेमातच आहे.

सुरुवातीला एडी व्हिन्सेंटला पटवतो तो प्रसंग आठवा. तिथे एडी त्याला सांगतो की तू जन्मजात नमुना आहेस, सर्किट आहेस आणि ही देणगी आहे, लोक असलं काहीतरी उभं करायला अर्धं आयुष्य घालवतात. तू असा एखाद्या पूल हॉलमध्ये शिरलास तर तुझ्याशी खेळायला लोक एकमेकांच्या उरावर बसतील. म्हणजे वेडगळ वाटणं हे भांडवल आहे हा धडा एडीने स्वतः दिलेला. एमोस म्हणजे तो धडा हाडामांसाचा होऊन एडीसमोर उभा राहिलेला. एडीने पाठ शिकवला आणि परीक्षेत त्याच प्रश्नावर नापास झाला. एमोस खरंच निव्वळ नशीबवान वेडा असता तर सुरुवातीचं ते भाषण सिनेमात वाया गेलं असतं. अशी सैल गाठ पटकथाकार रिचर्ड प्राइस मारत नाही.

कादंबरीत उत्तर शोधायला जाऊ नका. वॉल्टर टेव्हिसची त्याच नावाची कादंबरी १९८४ ची आहे, पण सिनेमाने तिच्यातून नाव आणि एडी सोडून फारसं काही घेतलेलं नाही. एमोसचा उलगडा पडद्यावरच करावा लागतो.

मग टेबलाकडे चला. खेळ कोणता आहे यावर बरंच अवलंबून आहे. आपल्याकडच्या पूल पार्लरमध्ये बहुतेक लोक एट-बॉल खेळतात, त्या सवयीने हा प्रसंग बघितला तर अर्धी गंमत निसटते. नाइन-बॉलमध्ये १ ते ९ क्रमांकाचे चेंडू असतात. पांढऱ्या चेंडूने टेबलावरच्या सगळ्यात लहान क्रमांकाला आधी स्पर्श करायचा, ही मुख्य सक्ती. तो स्पर्श झाल्यावर नऊ नंबर कसाही, कुठल्याही पॉकेटमध्ये गेला की डाव तिथेच संपला. म्हणजे दोन नंबरला धक्का, दोन जाऊन नवाला आपटला, नऊ आत: जिंकलात. ब्रेकलाच, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यालाच, नऊ पडला तरी जिंकलात. 'फ्लूक'च्या आड लपायला यापेक्षा सोयीचा खेळ नाही. १९६१ च्या 'द हसलर' या आधीच्या सिनेमात हाच एडी मिनेसोटा फॅट्स या बड्या खेळाडूशी स्ट्रेट पूल खेळतो. तिथे १२५ गुणांचा डाव, प्रत्येक चेंडू आणि पॉकेट आधी सांगून मारायचं. इतक्या लांब डावात कच्चं असल्याचं सोंग फार वेळ टिकत नाही. नाइन-बॉलमध्ये टिकतं, कारण डाव पाच-दहा मिनिटांत आटोपतो आणि हरणारा मनाशी म्हणतो, "नशीब होतं त्याचं, पुढचा डाव माझा." नशिबावर दोष ढकलता आला की माणूस पैज वाढवतो. एडीला तिथे धरून ठेवतं ते हेच.

सोंग करणारा ओळखायचा कसा? पॉकेटमध्ये काय गेलं ते बघू नका, फटक्यानंतर पांढरा चेंडू कुठे थांबला ते बघा. नऊ फुटी टेबलाचा खेळायचा भाग १०० इंच बाय ५० इंच, चेंडू सव्वादोन इंचाचा. त्या पसाऱ्यात कच्च्या खेळाडूचा पांढरा चेंडू फटक्यानंतर वाटेल तिकडे भटकतो. मुद्दाम चुकणाऱ्याचा चेंडू चुकल्यावरही 'योगायोगाने' गैरसोयीच्या जागी जाऊन बसतो, समोरच्याला साधा फटका उरत नाही. दुसरी खूण म्हणजे चूक कोणत्या बाजूला झाली. कोनातून कट मारताना नवशिक्याचा चेंडू बहुधा जाड लागतो, म्हणजे नेम मध्याकडे जास्त सरकतो आणि कट कमी पडतो. मुरलेला चुकला तर सहसा पातळ बाजूने चुकतो. कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच समजेल, सोंगटीचा कट घेताना नवख्याचं तेच होतं. खेळाडू जाड बाजूच्या चुकीला 'अमॅच्युअर साइड' आणि पातळ बाजूच्या चुकीला 'प्रो साइड' म्हणतात. पक्का हसलर मुद्दाम अमॅच्युअर साइडला चुकतो, आणि तीही केसभर, पॉकेटच्या जबड्यात चेंडू थडथडून बाहेर येईल इतकीच. धडधडीत भलतीकडे मारलं तर कुणीही ओळखेल.

तिसरी खूण लय. माणूस बोलण्यात कितीही घसरला तरी फटक्याच्या वेळी हात ठरल्या लयीतच जातो. क्यूचे दोन-तीन सराव हेलकावे, थांबा, फटका. बोलण्याचं सोंग सोपं आणि हाताच्या लयीचं फार कठीण. एमोसची सगळी विचित्रता बडबडीत आहे, लक्ष तिकडेच जावं म्हणून. वजनाचा प्रश्न त्याच बडबडीचा पुढचा तुकडा आहे, फक्त आता डाव संपलाय आणि तरीही सोंग उतरलेलं नाही. मला त्यातलं क्रौर्य इथे दिसतं: जिंकल्यावरही तो एडीला आपला खरा चेहरा दाखवण्याच्या लायकीचा समजत नाही. समव्यवसायी म्हणून एक डोळा मिचकावला असता तरी एडीची थोडी इज्जत राहिली असती.

आता इंग्रजीतला एक श्लेष, जो मराठी सबटायटलमध्ये कधीच उतरणार नाही. इंग्रजीत वजन कमी करण्याला आणि डाव हरण्याला एकच क्रियापद आहे, 'लूज'. नुकताच हरलेल्या माणसाला जिंकलेला माणूस विचारतो, मला 'लूज' करायला हवंय का? आणि मुद्दाम हरणं हाच तर हसलरचा धंदा. हे ओढूनताणून काढलेलं वाटेल, आणि हे एकच वाक्य सुटं घेतलं तर तसं आहेही. पण आजूबाजूची कथा बघा. एमोसच्या आधी एडी स्वतः व्हिन्सेंटला ग्रेडी सीझन्स या तगड्या खेळाडूविरुद्ध मुद्दाम हरायला लावतो, अटलांटिक सिटीत त्याच्यावरच्या पैजेचा भाव चढावा म्हणून. आणि एमोसच्या नंतर, स्पर्धेत, एडी व्हिन्सेंटला हरवतो आणि खूश होतो, तर व्हिन्सेंट येऊन ८,००० डॉलरचं पाकीट हातात ठेवतो: मी मुद्दाम हरलो, स्वतःविरुद्ध पैसे लावले होते, हा तुझा वाटा. म्हणजे मुद्दाम हरायला लावणारा एडी, मुद्दाम हरणारा समोर असताना त्याला ओळखत नाही, तेही दोनदा. मधल्या काळात त्याने डोळे तपासून चष्मासुद्धा घेतलेला असतो. एमोसचा प्रसंग नुसता अपमानाचा थांबा नाही, पाकिटाच्या प्रसंगाची ती रंगीत तालीम आहे. एवढं हरणं-हरवणं ज्या कथेत विणलंय तिथे 'लूज' हा शब्द लेखकाच्या हातून सहज सांडला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. एमोसला स्वतःला तो श्लेष अभिप्रेत आहे का, हा वेगळा मुद्दा. मी म्हणेन, पात्राला नाही, पटकथेला आहे.

काही जण या वाक्याचा संबंध मिनेसोटा फॅट्सशी जोडतात: २५ वर्षांपूर्वी एडीच्या वाट्याला आलेला मोठा प्रतिस्पर्धी लठ्ठ होता आणि आता पुन्हा एक जाडा माणूस त्याला लोळवून विचारतो, मी जाडा आहे का? आधीचा सिनेमा माहीत असलेल्याला ते आठवणारच. पण त्यावर अर्थ उभारू नये असं मला वाटतं. जॅकी ग्लीसनचा फॅट्स झुळझुळीत कपड्यातला, नाचल्यासारखा टेबलाभोवती फिरणारा, आणि मुख्य म्हणजे आपला दर्जा जराही न लपवणारा. एमोस याच्या बरोबर उलटा आहे. उलट १९६१ च्या सिनेमातून आठवायचाच असेल तर सुरुवातीचा बारमधला प्रसंग आठवा. तिथे तरुण एडी दारू चढल्याचं सोंग करतो, फटका चुकवतो, त्याचा साथीदार चार्ली वैतागून पैज घ्यायला नकार देतो आणि बारवाला मोहात पडून ती घेतो. एमोस म्हणजे तो एडी, आणि आत्ताचा एडी म्हणजे तो बारवाला.

सबटायटल करत असाल किंवा मित्रांना प्रसंग सांगत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. "तू ठग आहेस का?" असं करू नका, त्यात आरोप येतो आणि एडी आरोप करत नाहीये. 'हसलर' तसाच ठेवा. आणि एमोसच्या वाक्यात उपरोधाचा सूर घालू नका. "माझं वजन जास्त झालंय का हो?" इतकं साधं, खरोखर काळजीत पडल्यासारखं ठेवा. 'हो' लावलं की वयाने मोठ्या माणसाला आदराने विचारल्यासारखं होतं, आणि ते जास्त झोंबतं.

पुन्हा बघाल तेव्हा आवाज बंद करून एकदा बघा. बडबड कानावर नसली की एमोसचे हात दिसतात.