लिनक्सही नको, विंडोजही नको? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हायकू (एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकले. पेनड्राइव्हवरून छान चालत होते, पण इन्स्टॉल करून पेनड्राइव्ह काढला तर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे येते. डिस्क गेली का? आणि हायकू म्हणजे लिनक्सच ना?

उत्तर: डिस्क बहुधा ठणठणीत आहे. हायकूचा इन्स्टॉलर सगळ्या फाइली नीट कॉपी करतो, पण यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत, जुनी ती बायोस) असलेल्या मशीनवर बूट लोडर (सिस्टिम सुरू करणारी छोटी फाइल) आपल्यालाच जागेवर नेऊन ठेवावा लागतो. ही पायरी हमखास राहून जाते.

पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू करून ‘ट्राय हायकू’ निवडा. ड्राइव्हसेटअप (हायकूचे डिस्क-पार्टिशनचे साधन) उघडा. लॅपटॉपच्या डिस्कवरचे ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा डिस्कवरचा छोटा भाग, फॅट३२) आणि पेनड्राइव्हवरचे ‘हायकू ईएसपी’, दोन्ही माउंट करा (म्हणजे उघडता येतील अशी जोडा). पेनड्राइव्हवर ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’मध्ये ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल आहे. ती लॅपटॉपच्या ईएफआय पार्टिशनवर त्याच नावांचे फोल्डर करून त्यात ठेवा. बस्स.

मात्र डिस्कवर आधीची सिस्टिम असेल तर तिथे याच नावाची फाइल आधीपासून असू शकते. तिच्यावर ही फाइल टाकू नका, नाहीतर जुनी सिस्टिम सुरू होणे थांबेल. ‘ईएफआय’मध्ये ‘हायकू’ नावाचा वेगळा फोल्डर करा, फाइल त्यात ठेवा आणि रीफाइंडसारख्या बूट मॅनेजरमधून (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅममधून) हायकू निवडा. ईएफआय पार्टिशनच नसेल, तर डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवी मांडणी) करून आधी ते आणि मग बीएफएस (हायकूच्या फाइल सिस्टिमचे) पार्टिशन बनवावे लागेल. त्यात डिस्क पुसली जाते, म्हणून बॅकअप आधी.

सुरू होताना पडदा काळाच राहिला तर स्पेसबार दाबत राहा (जुन्या बायोसवर शिफ्ट). मेनू येईल. त्यातल्या सेफ मोडच्या पर्यायांत ‘फेल-सेफ ग्राफिक्स ड्रायव्हर’ सुरू करा. एखादे पॅकेज टाकल्यावर बिघाड झाला असेल, तर याच मेनूतून त्याआधीची स्थिती निवडून बूट करता येते. ही सोय फार मोलाची आहे. वाय-फाय सापडले नाही तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करून पाहा.

आणि हायकू हे लिनक्स नव्हे. टर्मिनलमध्ये बॅश (लिनक्समध्ये नेहमी दिसणारे आज्ञा देण्याचे साधन) दिसते म्हणून तसे वाटते, पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्याचा स्वतःचा आहे. २००१ मध्ये ‘बी’ या कंपनीची मालमत्ता पाम कंपनीने घेतली, त्याच वर्षी ‘बी’ची सिस्टिम बीओएस नव्याने लिहिण्याचे काम स्वयंसेवकांनी सुरू केले. हायकू हे नाव २००४ चे. सप्टेंबर २०२४ मध्ये पाचवी बीटा (चाचणीची आवृत्ती) आली. बीटा म्हणजे बीटाच: महत्त्वाच्या फाइलींची एकुलती एक प्रत त्यावर ठेवू नये. लॉगिनही नाही, त्यामुळे लॅपटॉप ज्याच्या हाती त्याला सगळे उघडे.

मराठीत काम करणार असाल तर इन्स्टॉल करण्यापूर्वीच ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द स्टाइल्डएडिटमध्ये (हायकूच्या मजकूर लिहिण्याच्या अ‍ॅपमध्ये) पेस्ट करून पाहा. जोडाक्षरे सुटी पडली, तर रोजच्या लेखनासाठी ही सिस्टिम तूर्त तुमच्या उपयोगाची नाही.

प्रश्न: फक्त विंडोजवर चालणारे एक जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी रिअ‍ॅक्टओएस (विंडोजचे प्रोग्रॅम चालवू पाहणारी मोफत सिस्टिम) घेऊ का?

उत्तर: नको. ते अजून अल्फा (बीटाच्याही आधीच्या, कच्च्या) अवस्थेत आहे, आणि हिशेबाच्या नोंदी अल्फावर ठेवणे आम्हाला मान्य नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात) खुशाल चालवून पाहा.

प्रश्न: नव्या लॅपटॉपवर फ्रीडॉस (डॉससारखी मोफत सिस्टिम) बूटच होत नाही.

उत्तर: फ्रीडॉसला बायोस लागतो आणि बहुतेक नव्या मशीनवर केवळ यूईएफआय उरले आहे. सेटिंगमध्ये ‘सीएसएम’ किंवा ‘लेगसी बूट’ (जुन्या बायोससारखे बूट होऊ देणारा पर्याय) असेल तर तो सुरू करा, सिक्युअर बूट (फक्त मान्य सिस्टिम सुरू होऊ देणारी तपासणी) बंद करा. पर्यायच नसेल तर व्हर्च्युअल मशीन.

प्रश्न: रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर रिस्क ओएस ही सिस्टिम टाकली. मेनू कुठेच दिसत नाही.

उत्तर: माउसचे मधले बटण दाबा. इथे तीन बटणे गृहीत आहेत: डावे निवडण्यासाठी, मधले मेनूसाठी, उजवे ‘अ‍ॅडजस्ट’ (निवडीत भर किंवा बदल) करण्यासाठी. चाक दाबून काम भागते, पण बोट दुखते. खरा तीन बटणांचा माउस घ्या. आणखी एक: ही सिस्टिम प्रोसेसरच्या चार कोरपैकी एकच वापरते आणि अ‍ॅप्सनी आपणहून एकमेकांना वेळ द्यायचा असतो. एखादे अ‍ॅप अडून बसले की सगळा डेस्कटॉप थांबतो. अशा वेळी ऑल्ट-ब्रेक दाबून ते अ‍ॅप बंद करता येते.