आधी मेलेली पेशी की आधी जखम?

प्रश्न : जखम झाली की भक्षक पेशी (जंतू नि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या) तिकडे धावतात, असं आम्ही बारावीला शिकवतो. पण त्याच वेळी शेजारी मेलेल्या पेशीही उचलायच्या असतील, तर आधी काय? हे फळमाशीत तपासलंय म्हणे. म्हणजे आंब्याला डंख मारते तीच का? आणि वर्गात काही दाखवता येईल का? (जीवशास्त्र शिक्षिका, दापोली)

उत्तर : ती नव्हे. हापूसमध्ये अंडी घालते ती बॅक्ट्रोसेरा. बागेतल्या रक्षक सापळ्यात अडकतात ते तिचेच नर. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे काजूच्या कुजक्या बोंडांवर घोंघावणारं लाल डोळ्यांचं चिलट.

तिचा भ्रूण पारदर्शक असतो आणि 25 अंशाला सुमारे एका दिवसात अळी बाहेर येते. भक्षक पेशी काहीशेच. त्या डोक्याकडे तयार होतात आणि ठरलेल्या वाटांनी अंगभर पसरतात. त्यांना चमकणारं प्रथिन जोडून लेझरने बारीक जखम केली, की कोण कुठे वळतं ते सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत दिसतं.

जखमेच्या कडेच्या पेशींत काही सेकंदांत कॅल्शियमची लाट उठते. तिने ड्युऑक्स हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ही पहिली हाक. पण पेशी पसरत असतानाच जखम केली, तर त्या वाट सोडत नाहीत. मेलेल्या पेशींचा ढीग साचला असेल, तर त्या तिथेच गुंततात आणि जखमेकडे कमी पोहोचतात.

खरी गंमत पुढे आहे. 2016 साली ब्रिस्टलच्या गटाने दाखवलं, की ज्या भ्रूणात एकही पेशी मरत नाही, तिथल्या भक्षक पेशी जखमेला नीट दादच देत नाहीत. एक मेलेली पेशी गिळली, की आत कॅल्शियम उसळतं, जेएनके हा संदेशमार्ग चालू होतो आणि ड्रेपर हा ग्राही (पेशीवरचं, बाहेरच्या खुणा ओळखणारं प्रथिन) वाढतो. मग जखम ‘कळते’. म्हणजे प्राधान्यक्रम आधीच लिहून ठेवलेला नाही, आधी काय खाल्लं त्यावरही तो ठरतो. पाठ्यपुस्तकातला सरळ बाण इथे तोकडा पडतो.

वर्गात लेझर नसणारच. त्याऐवजी ड्रोसोफिला पाळलेल्या बाटलीच्या भिंतीवर चढलेल्या मोठ्या अळ्या घ्या, पाण्याने धुवा, परीक्षानळीत थोड्या पाण्यात घालून 60 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा. अळीच्या रक्तातल्या स्फटिकपेशी फुटून काळ्या पडतात. पाठीकडून, शेपटीजवळच्या भागात भिंगाखाली ठिपके मोजता येतात. लहान अळ्या घेतल्या तर ठिपके मोजणं अवघड जातं. आतड्यातलं काळं अन्न ठिपका समजून मोजू नका, ही चूक हमखास होते. मात्र या पेशी मेलानिन हे काळं रंगद्रव्य करणाऱ्या, भक्षक नव्हेत. त्यामुळे यातून प्राधान्यक्रम दिसत नाही, तेवढं मुलांना सांगाच.

माश्या पाळायच्या तर एप्रिल-मे टाळा. 30 अंशांच्या आसपास नर वांझ होतात आणि बाटल्या रिकाम्या राहतात. जून-जुलैत बुरशी धरते. मक्याच्या पिठाचं खाद्य शिजवून कोमट झालं, की लिटरला 4-5 मिली प्रोपिऑनिक आम्ल घाला, उकळत्यात नको, उडून जातं. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात सोपे.