मावशी, आता काय कमी करू?

«मावशी, नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. पाच एकर कोरडवाहू वावर आहे. तीन एकरात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, मधात तुरीचे तास, दोन एकरात सोयाबीन. घरात आम्ही दोघं, विधवा सासूबाई, वय ६७, मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत. माझे लाडक्या बहिणीचे १,५०० आणि निंदणाची मजुरी दोन गटांच्या कर्जाच्या किस्तीत जाते. किराण्याला महिन्याचे चार हजार मिळतात. रेशनचं १५ किलो येते, बाकी गहू विकत घ्यावा लागते. मुलगी सात किलोमीटरवर ऑटोनं शाळेत जाते, त्याचे ६००. मी दूध बंद केलं, डाळ आठवड्यातून दोनदाच करते, तेल चार पिशव्यांवरून तीनवर आणलं. तरी पुरत नाही. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला बरकत नाही. गावच्या सोसायटीचं पीककर्ज थकलं आहे, कृषी केंद्राची उधारी आहे. एकाकडून ४०,००० तीन रुपये शेकड्यानं घेतले, ते मला शेजारच्या वहिनीकडून कळलं. मला कामात चक्कर येते. हे हल्ली बोलत नाहीत, ताटावरून अर्धे उठतात, रात्री वावरात जाऊन बसतात. मावशी, मी आता काय कमी करू?»

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा किराण्याकडं लक्ष गेलं. दुसऱ्यांदा शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबले. म्हणून किराण्याचं मागून बोलू.

जो माणूस बोलत नाही, जेवत नाही, रात्री उठून वावरात बसतो, त्याच्याशी आजच बोलायचं. ‘काय झालं?’ असं विचारू नकोस, त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. लेकरं झोपली की शेजारी बस आणि सरळ विचार, ‘तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येते का?’ हा प्रश्न तोंडातून काढायला फार जड आहे, यवतमाळकडं तर जास्तच, हे मला ठाऊक आहे. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरतो, असं लोक समजतात. तसं होत नाही. कोंडलेलं बाहेर यायला उलट वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं किंवा नुसतं रडू आलं, तर त्यांना एकटं सोडू नको. भासऱ्यांना म्हणजे मोठ्या दिरांना, किंवा ज्याचं ते ऐकतात त्या मित्राला रात्रीच बोलावून घे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यांनी नाही म्हटलं तर तू लाव. आणि फवारणीची औषधं आजच घरातून हलव, दुसऱ्या कोणाच्या कुलपात ठेव. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणायचं. लेकरं असलेल्या घरात ती तशीही नकोत, एवढं कारण सांगायला पुरे आहे.

आता बरकतीचं. तेलाची एक पिशवी कमी करून तुझे महिन्याला दीडशेच्या आसपास वाचले. ४०,००० वर तीन रुपये शेकडा म्हणजे महिन्याचं व्याज १,२००, वर्षाचे १४,४००, आणि मुद्दल जागच्या जागी. त्या एका कर्जात दर महिन्याला तेलाच्या आठ पिशव्या जातात, आणि तू एक पिशवी वाचवून मला विचारतेस की आता काय कमी करू. काहीच नको. तुझ्या चुलीपाशी कापण्यासारखं काही उरलेलं नाही. उरलंय ते तुझं अंग, आणि चक्कर येते म्हणजे तू तेही कापायला घेतलंयस.

माझी माय मूर्तिजापूरकडची. चहात साखर मोजून टाकायची, आणि ऐन पोळ्याच्या दिवशी दारात माणूस उभा राहिला तेव्हा तिला कळलं की बाबांच्या डोक्यावर काय आहे. त्यानंतर कित्येक वर्षं ती साखरेवरूनच स्वतःला बोल लावत राहिली. तुझं पत्र वाचताना मला तीच दिसत होती.

तुझ्या हातात घराचा अर्धाच हिशेब आहे. वावराचा अर्धा हिशेब तुझ्या नवऱ्याच्या पोटात आहे, आणि तो त्याला आतून खातोय. एक शंभर पानी वही घे. डाव्या पानावर तुझं घर लिही, उजव्या पानावर त्यांनी वावर सांगायचं: कोणाचे किती, कोणत्या भावानं, केव्हापासून. पहिल्या रात्री सगळं येणार नाही. एक आकडा आला तरी पुष्कळ. आकडा ऐकून ‘मला आधी का नाही सांगितलं’ हे म्हणू नको. ते म्हणायचा तुझा हक्क आहे, पण तो पुढच्या महिन्यात वापर. सासूबाईंनाही बसव. त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त दुष्काळ पाहिलेत, आणि व्याजाचा आकडा कानांनी ऐकला की बरकतीचं बोलणं आपोआप थांबेल असं मला वाटतं.

उजवं पान भरलं की कोणाला आधी द्यायचं हे ठरवायचं. आपल्याकडं दारात येऊन बसेल त्याला आधी दिलं जातं, आणि सोसायटी ओरडत नाही म्हणून मागं राहते. इथंच घर बुडतं. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज ३ लाखांपर्यंत असेल आणि मुदतीत फेडलं, तर व्याज शून्य पडतं. पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं राज्याची ही व्याज सवलत योजना आहे. मुदत चुकली की सवलत गेली, नवं कर्ज मिळत नाही, आणि मृगात बियाण्यासाठी माणूस तीन रुपयेवाल्याकडं जातो. तुमचं तेच झालेलं दिसतं. गटसचिवाकडून मुद्दल किती, व्याज किती, हे कागदावर लिहून आणा.

तीन रुपयेवाल्याबद्दल एक माहिती असू दे. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. तुम्ही ३६ टक्के देताय. तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडं तक्रार होते. पण रागाच्या भरात धावू नका, गावात राहायचं आहे. आधी नवऱ्याला एवढंच विचार, कोणत्या स्टॅम्पवर, कोऱ्या कागदावर किंवा वावराच्या खरेदीखतावर सही केली का. केली असेल तर मग थांबू नका, तक्रार करा. कर्जापोटी बेकायदा बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. नुसती तोंडी उचल असेल, तर कापसाचा पहिला चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, येईल तेव्हा चार माणसांसमोर मुद्दलच मोडायचं.

गटाच्या किस्ती चालू ठेव, पण एकीची किस्त भरायला तिसरा गट करू नको, कर्ज देणारा साहेब कितीही गोड बोलला तरी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं सगळ्या किस्ती मिळून घराच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जायला नकोत, आणि वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येऊ नये. मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही.

कृषी केंद्राच्या उधारीचं व्याज भावात लपलेलं असतं. माल चढ्या दरानं लिहिला जातो, आणि उधारी त्याची म्हणून कापूसही त्याच्याच काट्यावर जातो. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता. गावात क्विंटलमागं पाचशे कमी घेतले, तर दहा क्विंटलला पाच हजार गेले. ते वहीत कुठंच दिसत नाहीत. म्हणून बियाण्याचे पैसे चुकाऱ्यातूनच बाजूला काढायचे. बीटी कपाशीचं पाकीट २०२५ ला ९०१ रुपयांचं होतं. तीन एकराला सहा पाकिटं धरली तर ५,४०६. हे पैसे संक्रांतीच्या आत तुझ्या खात्यात जमा झाले पाहिजेत, आणि मृगापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, लग्न निघालं तरी.

आता जे येतं आहे पण तुझ्या हाती पोचत नाही ते बघू. तुम्ही घरात पाच जणं, आणि रेशन १५ किलो. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो मिळतं, म्हणजे पाच जणांचं २५. माझा अंदाज, दोन्ही लेकरांची नावं कार्डावर चढलेलीच नाहीत. दोघांचे जन्मदाखले आणि आधार घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज कर. वेळ लागेल, एकदोन चकरा होतील, पण महिन्याचं १० किलो धान्य आहे, सोडू नको.

नवऱ्याच्या नावाचे पीएम किसानचे वर्षाचे ६,००० आणि राज्याचे नमो शेतकरीचे ६,००० यांचा तुझ्या पत्रात शब्दही नाही. ते येतात का, ई-केवायसीत अडकलेत, की खात्यात आल्याबरोबर कुठं वळते होतात, ते पासबुक भरून बघ. मुलीला एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे. शाळेच्या वेळेला गाडी येत असेल तर ऑटोचे ६०० वाचले. येत नसेल तर गावातल्या सगळ्या पोरींच्या आयांनी मिळून आगारात अर्ज द्या. सासूबाई ६५ च्या पुढच्या आहेत, श्रावणबाळचे महिन्याला १,५०० त्यांना मिळू शकतात. उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१,००० च्या आतला लागतो, तेवढा तलाठ्याकडं विचारून घे.

तूर आली की सगळी विकता का? सत्तर किलो घरी ठेव. भरडून पन्नासेक किलो डाळ होईल, आठवड्याला एक किलो. रुपयांत फार फायदा निघणार नाही, खोटं कशाला सांगू. पण श्रावण-भाद्रपदात हातात दमडी नसते तेव्हा डाळ मडक्यात असते. मग आठवड्यातून दोनदा नाही, रोज वरण कर. पावसाळ्यात बांधावरचा तरोटा, चिवळ, अंबाडी आहेच. अंबाडीच्या भाजीत मूठभर डाळ आणि ज्वारीच्या कण्या टाकल्या की पाच जणांचं पोट भरतं. आधी अर्धा लिटर का होईना, दूध सुरू कर. ते लेकरांचं आहे.

आणि ताटं वाढताना पाचवं ताटही तेव्हाच वाढ. सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात उरेल ते तुझं, ही रीत बंद. चकरेसाठी गावच्या उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घे, लोहाच्या गोळ्या आशाताईकडं फुकट मिळतात. सरकारी दवाखान्यात ऑगस्ट २०२३ पासून तपासणीला पैसे लागत नाहीत, म्हणून ‘खर्च होईल’ हे कारण मला सांगू नकोस.

सगळं एकदम होणार नाही. आज रात्री फक्त त्यांच्याशी बोल आणि औषधं हलव. रेशनचा अर्ज या आठवड्यात दे. रेशनच्या पावतीवर २५ किलो आले की मला कळव, आणि पहिल्या रात्री त्यांनी वहीत काय लिहू दिलं तेही.

तुझी मावशी