पार्किंगच्या काँक्रीटवर डेकोरेटिव्ह कोटिंग करायचंय. मधला एक्स्पान्शन जॉइंट बुजवून वरून सलग कोटिंग मारलं तर चालेल का? खर्च किती येईल?

नाही चालत. कोटिंगवाला "साहेब, रेघ दिसणारसुद्धा नाही" म्हणत असेल तर तो खोटं बोलत नाहीये, फक्त पहिल्या थंडीपर्यंतचंच सांगतोय.

मी सोलापुरात काँक्रीटची कामं घेतो. आमच्या साडूंच्या बंगल्याचं पार्किंग मीच टाकलं. १८ मीटर लांब, वर शेड नाही, मध्ये २० मिलिमीटरचा एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे काँक्रीटला फुगायला-आखडायला मुद्दाम ठेवलेली फट, त्यामुळे ९-९ मीटरचे दोन तुकडे. जॉइंटमध्ये दबणारा बोर्ड, त्यावर सीलंट, म्हणजे फट बंद करणारा रबरासारखा लवचीक माल. मग घरात इंटिरियरवाले शिरले आणि त्यांना ती काळी रेघ खुपली. सीलंट खरवडून काढलं, एपॉक्सीत सिलिका वाळू कालवून जॉइंट गच्च भरला, ग्राइंडर फिरवला आणि वरून रंगीत फ्लेकचं कोटिंग. तेही ऐन मे महिन्यात, म्हणजे काँक्रीट तापून फुगलेलं आणि जॉइंट सगळ्यात अरुंद असताना. वास्तुशांतीला आलेला प्रत्येक जण खाली बघत चालत होता, इतकं छान दिसत होतं. खोटं कशाला बोलू.

संक्रांतीच्या सुमारास साडूंचा फोन. "तुझा स्लॅब फाटला." जाऊन बघितलं तर चीर जॉइंटवर नव्हतीच. जॉइंटच्या शेजारी बोटभर अंतरावर, त्याला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झालं, साडूंना तेवढंच हवं होतं. जॉइंट शाबूत आणि स्लॅब तडकला, म्हणजे सिमेंट कमी घातलं! त्यात त्यांचा पुतण्या सिव्हिलला. तो म्हणे, आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाच्या भारतीय मानकात, ४५ मीटरपर्यंत जॉइंट लागतच नाही, काकांनी उगाच ठेवला. अरे बाबा, ते ४५ मीटर अख्ख्या इमारतीच्या सांगाड्यासाठी आहेत. उन्हात जमिनीवर पडलेल्या स्लॅबला ते कुठे लावतोस?

हिशोब साधा आहे. तापमान एक अंशाने बदललं की काँक्रीट मीटरमागे साधारण ०.०१ मिलिमीटर हलतं. मेच्या दुपारी उघड्यावरचा स्लॅब ५५ अंशांवर सहज जातो, थंडीच्या पहाटे १५ वर येतो. फरक ४० अंशांचा. ९ मीटरचे दोन तुकडे आपापल्या मध्याकडे आखडले की जॉइंट ३.६ मिलिमीटरने उघडायला बघतो. कोटिंग असतं दीड-दोन मिलिमीटर जाड आणि कडक. ते काय ताणलं जाणार? आणि एपॉक्सीची काँक्रीटवरची पकड काँक्रीटच्या स्वतःच्या ताण सोसायच्या ताकदीपेक्षा जास्त असते. एपॉक्सी सोडत नाही, शेजारचं काँक्रीट फाटतं. मी तिथला एक टवका उचकटून साडूंना दाखवला. एपॉक्सीच्या पाठीला काँक्रीटचा पापुद्रा चिकटून आलेला. माल कच्चा असो की पक्का, तिथेच फाटला असता. साडू म्हणाले, "ते राहू दे, चहा घे." आणि त्यानंतरच्या प्रत्येक लग्नात पंगतीला तोच विषय!

तर तुम्ही कोटिंग जॉइंटच्या दोन्ही कडांपर्यंत आणून थांबवा. मग जॉइंटमध्ये बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) दाबून वर पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन सीलंट भरा, खोली रुंदीच्या निम्मी. सीलंट फक्त दोन्ही बाजूंना चिकटला पाहिजे, तळाला नाही. रेघ डोळ्यांत येते म्हणत असाल तर सीलंट कोटिंगच्याच रंगाचा घ्या, नाहीतर डिझाइनच त्या रेघेवरून सुरू करा. जुन्या शाळांच्या आयपीएस कोब्यात, म्हणजे घोटलेल्या सिमेंटच्या जमिनीत, काचेच्या पट्ट्या असायच्या, आठवतात? लोकांना ती नक्षी वाटायची. गवंड्याने चिरा कुठे पडायच्या ते आधीच ठरवून ठेवलेलं असायचं. इंटिरियरवाल्यांना हे कुणी शिकवत नाही का, देव जाणे.

आता एक राहिलं. हे सगळं एक्स्पान्शन जॉइंटचं झालं. कटरने वरून पाव जाडीपर्यंत पाडलेली खाच असेल, स्लॅब छपराखाली असेल आणि त्याचं आकसणं होऊन गेलं असेल, तर ती लवचीक फिलरने भरून वरून कोटिंग करतात. तरी केसाएवढी रेघ उमटू शकते. तुमचं कुठलं ते कळायला सीलंट थोडा कापून जाड तार आत घालून बघा. तार खोल जाऊन बोर्डात रुतली तर एक्स्पान्शन. आणि पार्किंगवर ऊन येत असेल तर नुसती एपॉक्सी पिवळी पडते, वर उन्हाला टिकणारा पीयूचा थर लागतोच.

खर्च जाडीवर आणि खालच्या तयारीवर ठरतो, न बघता आकडा सांगणार नाही. कोटेशनमध्ये जॉइंटचं काय करणार ते मात्र लिहून घ्या. साडूंच्या कोटेशनमध्ये "जॉइंट फिलिंग, एपॉक्सी" अशी स्वच्छ ओळ आहे. फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, पुढच्या लग्नात दाखवणार आहे.