दीड लाखात जुनी स्पीडबोट मिळतेय, कोल्हापुरात राहून घ्यावी का?

घ्या. पण इंजिन बघून घेऊ नका, मागची फळी बघून घ्या.

तुम्ही लिहिलंय की मालवणकडं एका वॉटर स्पोर्ट्सवाल्याची १६ फुटी फायबर बोट आहे, मागं ४० एचपीचं यामाहा आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरनं लटकवायचं इंजिन, टू स्ट्रोक, दीड लाख सांगतोय आणि "इंजिन एका दोरीत चालू होतंय". विचारलंय काय, तर कोल्हापुरात चालवायची कुठं आणि मेंटेनन्स किती येईल. ते सांगतोच, पण हे "एका दोरीत चालू होतंय" वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो, कारण ह्याच एका वाक्यावरनं आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चाललाय. लग्न असू दे नाहीतर जत्रा, पंगतीत तो निघतोच.

मी आणि आमचे थोरले दाजी, दोघांनी भागीत बोट घ्यायची ठरवली होती. आमचं गाव करवीर तालुक्यात, नदीकाठाला. मे महिना संपत आला होता. वेळ मुद्दाम तीच धरलेली, कारण पावसाळ्यात किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स बंद, बोटी वर ओढून झाकून ठेवायच्या असतात आणि ज्याला एखादी काढून टाकायचीय त्याला ती तेव्हाच काढायची असते. तुम्ही पण दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा सीझन सुरू असतोय आणि मालक भाव सोडत नाही.

मालकानं इंजिन ड्रममधल्या पाण्यात ठेवून चालू करून दाखवलं. खरंच एका दोरीत. कूलिंगच्या पाण्याची धार पण बाजूच्या भोकातनं जोरात. दाजी खूश झाले, म्हणाले, "पाव्हणं, द्या इसार, अजून काय बघायचं राहिलंय?" मी म्हटलं, दाजी, जरा थांबा की. तिथंच एक म्हातारे तांडेल जाळं दुरुस्त करत बसले होते, ते मान वर न करता म्हणाले, "पाठचां लाकूड बघ आधी, इंजिन मगे." मला तेच बघायचं होतं. ह्या बोटींच्या मागच्या फळीला वरनं फायबर असलं तरी आत बहुतेक वेळा प्लायवूड असतंय, आणि इंजिनच्या बोल्टच्या भोकातनं, तळाचं पाणी काढायच्या बुचाच्या, म्हणजे ड्रेन प्लगच्या कडेनं, जिथं सीलंट उडालंय तिथनं पाणी आत जातं आणि आतल्या आत लाकूड कुजतं. बाहेरनं रंग मारला की काही कळत नाही.

मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं वरपासनं खालपर्यंत ठोकत आलो. वरच्या बाजूला आवाज खणखणीत, खाली प्लगच्या आसपास एकदम बद्द. मग मालकाला विचारून खालच्या पट्टीचा एक स्क्रू काढला. तो फिरवायला जोरच लागला नाही, बोटानं बाहेर आला, आणि त्याच्या मागोमाग तांबूस पाणी यायला लागलं, थेंब थेंब, बराच वेळ. बोट महिनाभर वाळूवर कोरडी पडलेली होती, तरी. मालक काहीच बोलला नाही. दाजी मात्र माझ्यावर उखडले, "दुसऱ्याच्या बोटीचे स्क्रू काढताय, शोभतंय का?" मी मालकाला सरळ सांगितलं, बोट घेतो पण फळीचे पैसे कमी करा. चाळीस हजार कमी झाले. दाजींच्या "द्या इसार"वर गेलो असतो तर ते चाळीस हजार तिथंच वाळूत राहिले असते, हे आजपर्यंत त्यांनी एकदा पण कबूल केलेलं नाही.

फोंडा घाटातनं आयशरवर आणली आणि गावात हायड्रा क्रेननं उतरवली. आतलं फायबर कापलं तर खालचं प्लायवूड चरकातनं निघालेल्या चिपाडासारखं हातात आलं. ते सगळं खरवडून काढलं, पावसाळाभर फळी उघडी ठेवली, हॅलोजन लावून वाळवली आणि दिवाळीनंतर १८ एमएमचे मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीनं चिकटवून, वरनं ग्लास मॅट, आणि इंजिनच्या बोल्टमागं स्टीलची जाड प्लेट. प्लेट उद्यमनगरात करून घेतली. ह्या बाबतीत कोल्हापूरकरासारखा नशीबवान कोण नाही. बुश म्हणा, शाफ्ट म्हणा, प्लेट म्हणा, नमुना नेऊन द्या, करून मिळतंय. फायबरच्या कामाला मात्र माणूस बघून घ्या, नुसत्या टाक्यांना ठिगळं लावणाऱ्याकडं देऊ नका, आणि काम कोरड्या हवेतच करा.

ह्या खर्चात दाजींनी भाग दिला नाही. त्यांचं म्हणणं, बोट चालत होती की, फळीवर घातलेल्या पैशात नवीन सीट, रंग, म्युझिक सिस्टीम सगळं झालं असतं. अजून तेच म्हणतात. आता मी तुम्हालाच विचारतो. ४० एचपीचं इंजिन सत्तर किलोच्या आसपास जातंय, ते सगळं त्या फळीवर लटकलेलं, आणि थ्रॉटल दिलं की अख्खी बोट माणसांसकट त्याच फळीवर जोर देऊन पुढं ढकलली जाते. ती फळी फाटली तर इंजिन नदीच्या तळाला आणि मागनं पाणी थेट आत. मग सीटवर बसून गाणी ऐकायची का? त्या कुजक्या लाकडाचं पोतं मी अजून शेडात ठेवलंय, ज्याला बघायचंय त्यानं येऊन बघावं.

आता तुमचा प्रश्न, कुठं चालवायची. रंकाळ्याचा विचार डोक्यातनं काढून टाका. राधानगरी, काळम्मावाडीचं पाणी बघून जीव वेडा होतो खरा, पण धरणाच्या पाण्यात जलसंपदाच्या परवानगीशिवाय उतरायचं नाही, आणि तो पट्टा अभयारण्याचा, म्हणजे फॉरेस्टवाले पण आलेच. तिथं इंजिनचा आवाज करत फिरू पण नये, माझं स्पष्ट मत आहे. राहिली नदी. नदीचं असंय की आपल्याकडं जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्यानंतर बर्गे, म्हणजे दारांच्या फळ्या, घातल्या की बंधाऱ्याच्या मागं पाणी तुंबतं आणि छान लांब पट्टा मिळतो, पण पुढचा बंधारा आला की संपलं, माघारी फिरायचं. लांबचा प्रवास वगैरे विसरा. उन्हाळ्यात पाणी कधी चढतं कधी उतरतं, उपसाबंदी, धरणातनं सोडलेलं पाणी, त्यावर सगळं. काल जिथनं गेलो तिथं आज खडक वर असू शकतो.

आणि सगळ्यात मोठा धोका खडक नाही, शेतीच्या मोटारी. काठानं शेकडो पाईप, त्यांच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपा म्हणजे फुटव्हॉल्व्ह, त्यांना बांधलेले नायलॉनचे दोर, केबली. दोर प्रोपेलरला गुंडाळला की इंजिन जागेवर बंद, आणि दोर तुटून कुणाचा फुटव्हॉल्व्ह तळाला गेला तर त्या शेतकऱ्याचं पाणी थांबतं, मग भांडण तुमच्या दारात. म्हणून काठापासनं लांब, मधनं चालवायची, आणि घाटाजवळ, म्हशी असतील तिथं, पोरं पोहत असतील तिथं एकदम हळू. जलपर्णी दिसली की त्यात घुसायचं नाही. ती प्रोपेलरला तर अडकतेच पण कूलिंगच्या जाळीवर बसून पाणी बंद करते. धार बारीक झाली की लगेच इंजिन बंद करून त्याचा पाण्यातला पाय वर उचला आणि जाळी हातानं साफ करा. "घाटापर्यंत जाऊ आणि बघू" म्हटलं की हेड गरम होऊन पिस्टन धरलाच. कूलिंगचं पाणी ओढणारा आतला रबरी पंखा, इम्पेलर, दरवर्षी बदला, जुन्यावर भागवू नका.

एवढं असून मी घ्या का म्हणतोय, तर ऐका. डिसेंबरात सकाळी नदीवर धुकं असतं. थ्रॉटल दिलं की आधी नाक वर जातं, समोरचं काही दिसत नाही, बोट जड वाटते, आणि मग एकदम नाक खाली येतं, पाणी बोटीला सोडून देतं आणि ती वरच्या वर पळायला लागते. इंजिनचा आवाज बदलतो तेव्हा. दोन्ही बाजूला ऊस, मध्येच गुऱ्हाळाचा वास. हे मोटारसायकलवर नाही, चारचाकीत नाही, कशातच नाही. आमच्या आईचं माहेर ह्याच नदीवर, वरच्या अंगाला. लग्नानंतर ती कायम रस्त्यानंच गेली, एसटीनं नाहीतर जीपनं. तिला लाईफ जॅकेट घालून बोटीतनं नेली, तर ज्या दगडावर ती लहानपणी धुणं धुवायची तो दगड तिनं पाण्यातनं ओळखला, मला म्हणाली इथं थांब, आणि काठावरच्या बायकांना हाका मारून नावं विचारायला लागली, कोण कुणाची सून. तासभर हललीच नाही. दाजी पण होते बोटीत त्या दिवशी, त्याच फळीच्या भरवशावर, हे त्यांना मी पंगतीत आठवण करून देतो.

खर्चाचं. ४० चं टू स्ट्रोक फुल थ्रॉटलला तासाला १५ ते २० लिटर पेट्रोल सहज पितं, वर ५०:१ नं ऑईल, म्हणजे लिटरला २० मिली. हिशेब तुम्हीच करा. पेट्रोल भरून ठेवून देऊ नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतंय, ऊस आपला, इथेनॉल आपलंच, पण ते पाणी ओढून घेतं, आणि जुन्या इंजिनचे रबरी पाईप, डायफ्रॅम त्याला टिकत नाहीत. फिरून आलात की पेट्रोलचा पाईप काढून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा, टाकीत उरलेलं गाडीत वापरून टाका. गिअर ऑईल काढून बघा, दुधासारखं पांढरं झालं असेल तर सील गेलंय, पाणी शिरतंय. घ्यायच्या आधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या, दोन्हीत फार फरक नको. ही बोट खाऱ्या पाण्यातली आहे म्हणजे बोल्ट, इंजिनऐवजी स्वतः झिजणारा झिंकचा तुकडा, वायरिंग सगळं बघावं लागणार. खाडीत चालवून आणली तर दर वेळी गोड्या पाण्यात इंजिन दहा मिनिटं चालवायचंच.

कागदं. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं नदीत, धरणात इंजिनवर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, सर्व्हे म्हणजे बोटीची तपासणी, इन्शुरन्स लागतो. मालकाकडं रजिस्ट्रेशन आहे का, त्यावरचा इंजिन नंबर जुळतोय का, हे बघा. "कागदं नंतर पाठवतो" म्हणाला तर परत फिरा.

हां, आणि पुरात उपयोगी पडेल म्हणून घेत असाल तर घेऊ नका. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३, २०२१ ला त्याच्याही पुढं. त्या पाण्याखाली कुंपणं, तारा, उभा ऊस, विजेचे खांब. असली बोट आणि प्रोपेलर तिथं पाचशे फूट जाणार नाही, आणि लाटेनं मातीच्या भिंती पडतात. गल्लीबोळातनं माणसं काढायला गूळ करायची मोठी काहील होडीसारखी आणि ढकलायला बांबू ह्यापेक्षा बरा, नाहीतर एनडीआरएफच्या रबरी बोटी. आमची मी दोन्ही वेळा उंचावर बांधून ठेवली, लोकांनी बोललं तरी.

हे सगळं आऊटबोर्डचं सांगतोय. इनबोर्ड, जेट स्की मी चालवलेलं नाही, त्याचं दुसऱ्याला विचारा. आणि तुमची बोट फळीत प्लायवूड नसलेली पण असू शकते, काही जण फोम नाहीतर सलग फायबर घालतात, तर ठोकून कळलं नाही तर मालकाला विचारून आतनं बारीक ड्रिल मारून भुसा बघा, पांढरा कोरडा आला तर ठीक, तांबडा ओला आला तर भाव पाडा. चालवताना किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. एकटा माणूस पाण्यात पडला आणि बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर आली, असं होतं.

मागच्या फळीचे फोटो टाका, इंजिन वर उचलून, प्लगच्या बाजूचा एक जवळनं आणि आतनं एक. मालक फोटो देत नसेल तर ते पण सांगा.