बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करण्यासाठी नाशिकमध्ये नेमकी कशी मदत करता येईल?

आपण लिहिले आहे की, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात काम करणारे आपण काही सहकारी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढून, अठरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे बालगृह सोडावे लागलेल्या दोन-तीन मुलांची महाविद्यालयाची फी भरू इच्छिता. ही रक्कम कोणाकडे द्यावी आणि फीखेरीज आणखी काय करावे लागते, असे आपण विचारले आहे.

माझे पहिले सांगणे असे की, फीसाठी म्हणून काढलेल्या रकमेतला मोठा भाग राहण्या-जेवणासाठी ठेवावा. नाशिकमधील एका महाविद्यालयात शिकवत असताना आणि निवृत्तीनंतरही मी अशा विद्यार्थ्यांबरोबर काम करत आले आहे, आणि ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले त्यांपैकी केवळ फीपायी थांबलेले मला फार थोडे आठवतात. बी.ए., बी.कॉम.ची अनुदानित तुकडीतली फी तशी मोठी नसते. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बाबतीत 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या अनाथ मुलगे आणि मुली या दोघांनाही शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. शिवाय राज्यात शिक्षण आणि शासकीय नोकरी या दोन्हींत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आहे. ते 2018 मध्ये सुरू झाले आणि 2021 व 2023 मध्ये त्याच्या अटी सुधारण्यात आल्या. या सर्वांसाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांमार्फत जातो, बाल कल्याण समितीची शिफारस घेतली जाते आणि प्रमाणपत्र महिला व बालविकास विभागाचे विभागीय उपायुक्त देतात. मूल संस्थेत असतानाच हे काम उरकले तर बरे, कारण एकदा तो मुलगा भाड्याच्या खोलीत राहायला गेला की जुन्या नोंदी काढून घेण्यासाठी त्याला एकट्यालाच हेलपाटे घालावे लागतात.

येथे एक गोष्ट बहुतेक देणगीदारांच्या लक्षात येत नाही. बालगृहातील सगळी मुले अनाथ नसतात. कोणाची आई हयात असते पण सांभाळू शकत नाही, कोणाचे वडील व्यसनापायी घर सोडून गेलेले असतात, कोणी घरातूनच पळून आलेले असते. अशा मुलांना अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मात्र पालकांची कागदपत्रे मागितली जातात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून आलेली बरीच मुले आदिवासी असतात. त्यांना आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेतील रक्कम मिळू शकते, परंतु जातीचा दाखला आणि पुढे वैधता प्रमाणपत्र यांसाठी वडिलांकडच्या नातेवाइकांचे पुरावे लागतात, आणि ज्या घराशी दहा वर्षे संबंध नाही तेथे ते मागायला जायचे कोणी? आपल्यापैकी एखाद्याने रजा टाकून त्या मुलाबरोबर तहसील कार्यालयात आणि गरज पडल्यास त्याच्या गावी जाणे, ही मदत कोणत्याही धनादेशापेक्षा मोठी आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच असल्यामुळे आपल्याकडे निदान चौकशी करणे तरी सोपे आहे.

आता वयाच्या गणिताकडे येते. बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांच्या अनुरक्षणाची, म्हणजे अठरा ते एकवीस या वयात आर्थिक व इतर आधार देण्याची, तरतूद आहे. नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत ती आणखी दोन वर्षे वाढवता येते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेत यासाठी दरमहा 4,000 रुपये धरलेले आहेत. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोड परिसरात कॉट बेसिसवर जागा आणि मेस एवढ्यातच ही रक्कम संपते. त्यातही या मुलांपैकी अनेकजण शाळेत उशिरा दाखल झालेले असतात, त्यामुळे बारावी होईपर्यंत एकोणीस-वीस वर्षे उलटलेली असतात आणि अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष अनुरक्षणाच्या मुदतीबाहेर पडते. काहींच्या जन्मतारखा तर वैद्यकीय तपासणीवरून अंदाजाने नोंदवलेल्या असतात. ती तारीख जानेवारीत आली, तर फेब्रुवारीतील बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर संस्था सोडण्याची वेळ येते. नियमांप्रमाणे मूल संस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या अनुरक्षणाची योजना तयार व्हायला हवी. ती झाली आहे का, हे विचारण्याइतके तरी आपण नक्कीच करू शकता, आणि बाहेरून कोणी आस्थेने विचारत असेल तर फाइल जरा लवकर हलते हा माझा अनुभव आहे. म्हणून आपली मदत पहिल्या वर्षाच्या उत्साहात संपवून टाकू नका. शासनाची रक्कम जेथे थांबते तेथून पदवीपर्यंतचा काळ आपल्या अंगावर घ्या. पाच मुलांना एकेक वर्ष मदत करण्यापेक्षा एका मुलीला पाच वर्षे मदत करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत अवघड काळ दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा असतो. वसतिगृहे रिकामी केली जातात, मेस बंद होते, बाकीची मुले बॅगा भरून सीबीएस बसस्थानकावर गाड्या पकडतात आणि या मुलांना जायला घर नसते. कोणी मित्राकडे राहते, कोणी एखाद्या हॉटेलात राहण्याच्या सोयीसाठीच काम धरते, आणि त्यांतला एखादा जूनमध्ये वर्गात परत येत नाही. त्या पाच-सहा आठवड्यांची राहण्याची सोय फेब्रुवारीतच ठरवून ठेवा. वसतिगृह नको असेल तर भाड्याची खोली बारा महिन्यांची घ्या. घरमालक अनामत मागतो, करारनाम्यासाठी आणि पोलिसांकडील भाडेकरू नोंदणीसाठी ओळखीचा माणूस मागतो, तेथे आपल्यापैकी एकाने उभे राहावे. महाविद्यालयाच्या अर्जातील पालकाच्या स्वाक्षरीची जागा आणि रुग्णालयातील ‘जवळचे नातेवाईक’ हा रकाना यांचीही तीच गोष्ट आहे. कायद्याने ती व्यक्ती सज्ञान असते हे खरे, पण आपल्याकडील खिडकीपलीकडच्या माणसाला एखादा मोठा माणूस सोबत दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

पैसे कसे द्यावेत, याबद्दल थोडेसे. दरमहा ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात जमा करा. प्रत्येक वेळी मागायला लावू नका आणि चपला किंवा मोबाइलच्या रिचार्जचा हिशेब विचारू नका. बालगृहात साबणापासून वह्यांपर्यंत सर्व काही वाटून मिळत असल्यामुळे पहिले तीन-चार महिने पैसे वीस तारखेलाच संपतात. रागावू नका, सुशिक्षित घरातल्या मुलांचेही हॉस्टेलवर तेच होते. अचानक येणाऱ्या खर्चासाठी एक छोटी रक्कम वेगळी ठेवावी.

शाखा निवडताना आपल्या कारखान्यात कोणाची गरज आहे यावरून सल्ला देऊ नये. आयटीआय हा चांगला मार्ग आहे आणि सातपूर-अंबडमुळे नाशिकमध्ये त्याला कामही आहे, परंतु संस्थेतील प्रत्येक मुलाला ‘लवकर पायावर उभा राहा’ म्हणून तिकडेच ढकलले जाते. नोकरी करत शिकायचे असेल त्याच्यासाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, त्याचे मुख्यालय येथेच आहे. नियमित महाविद्यालयात असलेल्याला पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेतून तासाच्या हिशेबाने मानधन मिळू शकते.

कारखान्याच्या कार्यक्रमात व्यासपीठावर बोलावून धनादेशासह छायाचित्र काढणे मात्र कटाक्षाने टाळा. अठरा वर्षांखालील मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली गुन्हाच आहे. त्याहून मोठ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत कायदा आड येत नसला, तरी वर्गात आपण कोठून आलो हे कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे असते.

सुरुवात जिल्हा बाल संरक्षण कक्षापासून करा. आपण किती जण आहात, किती वर्षांसाठी बांधील राहणार आहात आणि दरमहा किती रक्कम देणार आहात हे एका पानाच्या पत्रात लिहून द्या, आणि येत्या वर्षभरात अठरा पूर्ण होणाऱ्या, बारावीत शिकणाऱ्या मुलामुलींशी बालगृहाच्या अधीक्षकांच्या उपस्थितीत भेट मागा. हे पत्र दिवाळीपूर्वी गेलेले बरे, म्हणजे मार्चपर्यंत कागदपत्रांना आणि सीईटीच्या अर्जांना वेळ मिळतो. मुलीची निवड झाली, तर आपल्या गटात निदान दोन महिला सहकारी असू द्या आणि भेटीगाठी, फोन त्यांच्याकडेच ठेवा.