लोणकढी थाप

‘वुड आय लाय टू यू?’ हा ब्रिटिश कार्यक्रम एक मैत्रीण मोबाइलवर बघते, आणि दिवाळीला भावंडं जमली की तोच खेळ घरी मराठीत खेळते. तिने विचारलंय, ‘चिठ्ठीवर ‘खरं’ आणि ‘खोटं’ लिहितो, पण ‘खोटं’ फार जड वाटतं. तिथल्या ‘लाय’ला मराठीत काय म्हणायचं? आणि कार्यक्रमाच्या नावाचं मराठी कसं करायचं?’

‘लाय’साठी माझं उत्तर आहे थाप. त्यातही लोणकढी थाप.

ज्यांनी कार्यक्रम बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीबीसी वनवर २००७ पासून तो चालू आहे. डेव्हिड मिचेल आणि ली मॅक हे दोन संघांचे कर्णधार, आणि २००९ पासून रॉब ब्रायडन सूत्रं सांभाळतो. एकेकाने कार्ड उचलून स्वतःबद्दलचं एक विधान मोठ्याने वाचायचं. समोरच्या संघाने प्रश्न विचारून ते खरं की बनावट हे ठरवायचं. यातली खरी गंमत अशी की विधान बनावट असेल तर वाचणाऱ्यानेही ते त्याच क्षणी पहिल्यांदा पाहिलेलं असतं. पुढचं सगळं जागच्या जागी रचायचं.

म्हणूनच इथे ‘खोटं’ चालत नाही. नाणं खोटं असतं, दागिना खोटा असतो, साक्ष खोटी असते. खोटेपणा हा त्या वस्तूचा किंवा विधानाचा दोष असतो. थाप ही मारावी लागते. खोटं माणूस एकटा बसून वहीतही लिहील, पण थापेला समोर ऐकणारा लागतो. शिवाय थाप पचते किंवा पचत नाही. हे क्रियापद मला फार आवडतं, कारण थापेचं यश ऐकणाऱ्याच्या पोटात ठरतं हे त्यात आलंच. अख्खा कार्यक्रम ‘पचली की नाही’ एवढ्यावरच उभा आहे.

आता ‘लोणकढी’. लोणी कढवून केलेलं ताजं तूप ते लोणकढं तूप. घरी लोणी कढवलं असेल तर आठवून बघा: आधी तडतड, मग फेस, मग हळूहळू आवाज थांबतो, बेरी तळाशी बसते आणि वर पातळ, नितळ तूप दिसतं. हे विशेषण थापेला का चिकटलं असावं, याचं माझ्या मनातलं उत्तर याच पातेल्यात आहे. लोणकढी थाप ताजी असते, गुळगुळीत असते, आणि तिची बेरी वर दिसत नाही. डेव्हिड मिचेलची उलटतपासणी म्हणजे पळी घालून ती बेरी शोधणं. ‘त्या वेळी घरात आणखी कोण होतं?’, ‘मग तू दार कुठल्या हाताने उघडलंस?’ अशा प्रश्नांनी तो तळ ढवळतो. ली मॅक मात्र प्रश्न संपायच्या आत उत्तर ठोकून देतो. त्याचा वेग बघितला की ‘दडपून थाप मारणे’ म्हणजे काय ते नीट कळतं.

कार्यक्रमात पाहुणा म्हणून येणाऱ्या विनोदवीर बॉब मॉर्टिमरचं प्रकरण आणखी वेगळं. आपले दात मी स्वतःच भरतो, असं त्याने सांगितलं. नुसत्या हातांनी सफरचंदाचे दोन तुकडे करतो, असंही. दोन्ही खरं निघालं, सफरचंद तर त्याने तिथेच करून दाखवलं. खरं असूनही थापेसारखं वाटणाऱ्या अशा गोष्टीला मराठीत एक नेमका शब्द असता तर मी आनंदाने वापरला असता. ‘अचाट’ जवळ जातो, पण पुरत नाही.

बाकीचे शब्द इथे बसत नाहीत. बाता स्वतःच्या मोठेपणाच्या असतात. कंडी पिकते तेव्हा ती कोणी पिकवली ते कळत नाही. पुडी सोडणारा परिणाम बघायला बाजूला उभा राहतो. ‘बंडल’ चालेल, पण त्यात कारागिरीचा मान नाही.

ब्रिटनबाहेर बसून बघणाऱ्याला हाच कार्यक्रम जवळचा का वाटतो, तेही यात आलं. १९९० पासून चालणारा, बातम्यांवरचा विनोदी कार्यक्रम ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ मलाही आवडतो, पण त्या आठवड्याचं ब्रिटिश राजकारण माहीत नसेल तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. थाप ओळखायला मात्र शाळा, शेजारी, मावशी एवढं पुरतं.

आता नाव. शब्दशः ‘मी तुमच्याशी खोटं बोलेन का?’ होतं, पण असं कुणी बोलत नाही. आपण म्हणतो, ‘खोटं कशाला बोलू?’ हेच नाव घ्या. इथे ‘खोटं’च हवं, कारण थाप मारणारा स्वतःच्या बोलण्याला सहसा थाप म्हणत नाही. ‘खोटं कशाला बोलू’ हे त्याचं वाक्य, ‘थापा मारू नकोस’ हे ऐकणाऱ्याचं.

तेव्हा या दिवाळीला चिठ्ठ्यांवर ‘खरं’ आणि ‘थाप’ लिहा. ‘लोणकढी’ चिठ्ठीवर लिहू नका. थाप सगळ्यांना पचली, तरच शेवटी ते विशेषण द्या आणि एक गुण जास्त.